वीस रुपयांची पुडी आणि माझा गल्ला

परवा दुपारी दीड वाजता शटर अर्धं ओढून डबा उघडणार, तेवढ्यात एक बाई आली. कडेवर दीडेक वर्षाचं पोर. मान आईच्या खांद्यावर टाकलेली, ओठ सुकलेले. हातात चिठ्ठी. चिठ्ठीवर चार औषधं होती: अँटिबायोटिकचं सिरप, उलटीचे ड्रॉप्स, पोटातल्या 'चांगल्या जंतूं'ची पावडर आणि तापाचं औषध. ओआरएस, म्हणजे पाण्यात कालवून पाजायची मीठ-साखरेची पुडी, नव्हतं. झिंक, म्हणजे जस्ताचं औषध, नव्हतं.

"किती वेळा झाले जुलाब?"

"मोजलं नाही दादा. पहाटेपासून लंगोट बदलून बदलून हात दुखायला लागले."

"पुडीचं पाणी दिलंत का?"

"ते नको. त्याने कुठे थांबतात?"

बाई खोटं बोलत नव्हती. ओआरएसने जुलाब थांबत नाहीत. त्याने पोर वाचतं, जुलाब बहुतेक वेळा आपले आपण काही दिवसांनी थांबतात. पण ज्या आईच्या डोळ्यांसमोर पोराच्या अंगातलं पाणी वाहून चाललंय, तिला 'वर आणखी पाणी पाजा' हे ऐकायला वेडेपणाच वाटणार. आमच्या आजीच्या काळात तर जुलाब लागलेल्या पोराचं पाणी तोडायचे. पोट कोरडं पडलं की थांबेल, असा हिशोब.

माझं मेडिकल तालुक्याच्या गावी आहे. वडिलांनी सुरू केलं, आता मी बसतो. रोज शंभरएक चिठ्ठ्या हाताखालून जातात. डॉक्टर मंडळी जर्नलं वाचतात, परिषदांना जातात. मी चिठ्ठ्या वाचतो. संशोधन आमच्या गावापर्यंत किती पोचलं आणि कुठे अडकलं, ते चिठ्ठीवर दिसतं. गेली कित्येक वर्षं माझं एक ठाम मत होतं: स्वस्त औषधाला कोणी वाली नसतो. ते मत मला अर्धं मागे घ्यावं लागलं, आणि ते कसं, हे सांगायला ही पोस्ट लिहितोय.

आधी मत होतं ते सांगतो. आमच्या रायगडात विंचू म्हणजे गंमत नव्हे. लाल विंचू चावला की पूर्वी दहातली तीन-चार माणसं जायची, त्यात मुलं जास्त. महाडजवळ बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यात 1976 साली रुजू झालेले डॉ. हिंमतराव बावसकर रात्र-रात्र या रुग्णांच्या उशाशी बसले. घाम किती, उलटी कधी, हातपाय गार कधी पडले, रक्तदाब कसा चढला-उतरला, सगळं टिपत गेले. विंचवाच्या विषाने शरीरातली उत्तेजक रसायनं एकदम उसळतात, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदयावर ताण येतो आणि शेवटी फुप्फुसात पाणी भरतं. मग आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारं औषध का देऊ नये? प्रॅझोसिन. रक्तदाबाची साधी, जुनी, स्वस्त गोळी. 1986 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यावरचा लेख आला आणि मृत्यूचं प्रमाण शेकड्याला दोन-तीनवर उतरलं. जगात मानलं गेलेलं संशोधन, आणि केलं कुठे, तर ईसीजीची पट्टीसुद्धा जपून वापरावी लागे अशा ठिकाणी. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या बाजारपेठेत पेढे वाटले होते.

आता गंमत बघा. एवढ्या वर्षांत प्रॅझोसिन 'लिहा' म्हणून सांगत फिरणारा एकही एमआर, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी, मी पाहिलेला नाही. नव्या खोकल्याच्या औषधासाठी मात्र महिन्याला तीन जण येतात, पेन देतात, डायरी देतात.

आणि करोनाच्या लाटेतला 2021 चा एप्रिल कोण विसरेल? रात्री दोन वाजता फोन. "दादा, रेमडेसिविर मिळेल का? कितीही लागू दे." माणसं बायकोच्या बांगड्या मोडून पुण्या-मुंबईला धावत होती. त्या औषधाने मृत्यू फारसे कमी होत नाहीत, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या मोठ्या चाचणीत ऑक्टोबर 2020 मध्येच दिसलं होतं. त्याच्याही आधी, जून 2020 मध्ये, ब्रिटनच्या 'रिकव्हरी' चाचणीने सांगितलं होतं की ऑक्सिजन लागलेल्या रुग्णाचा जीव वाचवायला डेक्सामेथासोन कामाला येतं. डेक्सामेथासोन! माझ्या मागच्या फळीवर धूळ खात पडलेली, काही रुपयांची पट्टी. (ऑक्सिजन न लागणाऱ्यांनीही पुढे ती मनाला येईल तशी खाल्ली आणि नुकसान करून घेतलं, ती वेगळी कथा.) पण त्या गोळीसाठी रात्री दोन वाजता कोणी फोन केला नाही. पन्नास पैशांच्या वस्तूने बाप वाचेल यावर विश्वास बसायला फार मोठं काळीज लागतं.

तर माझं म्हणणं असं की सगळा पैशाचा खेळ. ज्यात नफा नाही ते ज्ञान चालत येत नाही, त्याला कोणी खांद्यावर घेत नाही. चहाच्या टपरीवर हे वाक्य मी इतक्यांदा टाकलंय की मित्र आता ते माझ्याआधी म्हणतात.

मग माझ्या धाकट्या भावाने, तो बंगळुरूला असतो, मला एक लेख पाठवला. 2024 च्या फेब्रुवारीत 'सायन्स' या संशोधन-नियतकालिकात आलेला अभ्यास, कर्नाटक आणि बिहारमधल्या 253 मध्यम आकाराच्या शहरांतला. दोन हजारांवर खासगी डॉक्टर आणि मेडिकलवाले. प्रश्न साधा: ओआरएस चांगलं, हे सगळ्यांना माहीत आहे, तरी मुलांच्या जुलाबाला ते देत का नाहीत?

त्यांनी काय केलं, तर सोंगाचे गिऱ्हाईक पाठवले. "माझ्या दोन वर्षांच्या मुलाला जुलाब लागलेत," असं सांगणारे. काहींनी मोबाइलवर ओआरएसच्या पुडीचा फोटो दाखवला, म्हणजे हे हवंय. काहींनी अँटिबायोटिकचा दाखवला. काहींनी काहीच दाखवलं नाही. काही जण म्हणाले, औषध मी दुसरीकडून घेणार आहे, तुम्ही फक्त काय द्यायचं ते सांगा. म्हणजे समोरच्याला विक्रीतून काही सुटणारच नाही. आणि निम्म्या दुकानां-दवाखान्यांत ओआरएसच्या पुड्या आधीच नेऊन टाकल्या, 'संपल्या' ही सबब राहू नये म्हणून.

मला निकाल आधीच माहीत होता. पैसा!

चुकलो. ओआरएस न देण्यामागे पैशाच्या लोभाचा वाटा निघाला 5 टक्के. माल नसण्याचा 6 टक्के. आणि 'रुग्णाला हे नकोच असतं' या डॉक्टरच्या समजुतीचा वाटा 42 टक्के. गिऱ्हाइकाने नुसता फोटो दाखवला की ओआरएस लिहिण्याचं प्रमाण शेकड्याला 27 ने वाढत होतं. म्हणजे डॉक्टरला वाटतं आईला पुडी नको, ती नाराज होईल, पुढच्या वेळी पलीकडच्या दवाखान्यात जाईल. आईला वाटतं डॉक्टरने लिहिली नाही म्हणजे पुडीत काही दम नाही. दोघं एकमेकांचं मन राखतायत आणि मधे पोर सुकतंय.

हे वाचून मी थोडा सुखावलो, खोटं कशाला बोलू. डॉक्टर लुटारू नाहीत हे कळलं तर कोणाला बरं वाटणार नाही? पण त्याच लेखात एक ओळ होती. विक्रीतला फायदा काढून घेतल्यावर सरासरीत फरक पडला नाही, मात्र एका ठिकाणी ओआरएस द्यायचं प्रमाण वाढलं. मेडिकलच्या दुकानांत.

म्हणजे माझ्याकडे.

पाच मिनिटं मी मोबाइल पालथा घालून बसलो. कारण ते खरं आहे. ओआरएसची पुडी वीस-बावीस रुपयांची, मला सुटतात तीन-चार रुपये. तेच चिठ्ठीशिवाय आलेल्या माणसाला जुलाबाची गोळी, अँटिबायोटिक आणि वर ती जंतूंची पावडर दिली की एका झटक्यात चाळीस-पन्नास. स्कीमचा, म्हणजे कंपनीने वर सवलत दिलेला, माल असेल तर आणखी. मी पूर्वी हे केलंय. 'गिऱ्हाईकच मागतं' असं म्हणत केलंय. लहान मुलांच्या जुलाबात बहुतेक वेळा अँटिबायोटिकचा काडीचा उपयोग नसतो, हे डी. फार्मला शिकूनही केलंय. टपरीवर कंपन्यांच्या नावाने बोटं मोडून परत गल्ल्यावर येऊन बसायचो.

फ्रिजचंही सांगून टाकतो. त्यात ती रंगीत खोकी असायची, नावात 'ओआरएस' अक्षरं असलेली, सफरचंदाच्या नि संत्र्याच्या चवीची. आया आनंदाने न्यायच्या, पोरं आनंदाने प्यायची. त्यांतल्या कित्येकांत खऱ्या ओआरएसपेक्षा साखर कितीतरी जास्त, मीठ कमी. जास्तीची साखर आतड्यात उलट पाणी ओढून आणते आणि जुलाब वाढतात. हैदराबादच्या एक बालरोगतज्ज्ञ, डॉ. शिवरंजनी संतोष, वर्षानुवर्षं याविरुद्ध एकट्या भांडत राहिल्या. शेवटी 2025 च्या ऑक्टोबरमध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने हे नाव अशा पेयांवरून काढायला लावलं. मी ती खोकी ठेवणं बंद केलं तेही त्यानंतरच, आधी नाही. फुशारकी मारायला जागा नाही.

खरी पुडी काय असते? एका लिटरला साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज, 2.6 ग्रॅम मीठ, दीड ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि 2.9 ग्रॅम सायट्रेट. एकूण साडेवीस ग्रॅम. आतड्याच्या भिंतीत एक दार असतं, ते साखर आणि मीठ जोडीने आलं तरच उघडतं आणि त्यांच्या मागून पाणी आत शिरतं. कॉलऱ्यात सगळं आतडं गळायला लागलं तरी हे दार चालू राहतं. सगळी करामत एवढीच. म्हणून प्रमाण बिघडलं की करामत संपली.

ही करामत मोठ्या प्रमाणावर, मांडवाखाली सिद्ध झाली ती 1971 साली, बंगालमध्ये बनगावला. पूर्व पाकिस्तानातून निर्वासितांचे लोंढे येत होते, छावणीत कॉलरा, शिरेतून द्यायची सलाइन संपत आलेली. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा मोजून पिंपांत कालवलं आणि नातेवाइकांच्या हातात पेले दिले. पाजत राहा. तीस टक्क्यांच्या घरातले मृत्यू चार टक्क्यांच्या खाली आले. मला सगळ्यात आवडतं ते त्यांनी त्या पाण्याला दिलेलं नाव: 'ओरल सलाइन'. सलाइन म्हणजे जीव वाचवणारी वस्तू हे लोकांना ठाऊक होतं, म्हणून तोच शब्द. माणसाला औषधाइतकीच त्याच्या नावाचीही गरज असते, हे या गृहस्थाला पिंप ढवळतानाच उमगलं होतं. ते 2022 मध्ये गेले. पद्मविभूषण त्यानंतर मिळालं.

पुढे बांगलादेशात 'ब्रॅक' संस्थेच्या बायकांनी 1980 ते 1990 या दहा वर्षांत घरोघरी जाऊन सव्वा कोटीच्या आसपास घरांत चिमूटभर मीठ आणि मूठभर गुळाचं पाणी शिकवलं. पगार कशावर, तर आईच्या ते लक्षात किती राहिलं यावर. सुरुवातीला आया ऐकून घ्यायच्या पण पाजायच्या नाहीत. शोध घेतला तर कळलं की शिकवणाऱ्यांचाच विश्वास नव्हता, स्वतःला जुलाब झाले की गोळी घ्यायच्या. मग आधी त्यांनाच शास्त्र समजावलं, तेच पाणी प्यायला लावलं. आपल्याकडे सरकारी पाहणी (2019–21) सांगते की जुलाब झालेल्या मुलांतल्या 60.6 टक्क्यांना ओआरएस मिळालं. पूर्वीपेक्षा बरं. पण उरलेल्या चाळिसांतली काही माझ्याच काउंटरवरून परत गेली असणार.

आता मी काय करतो? फार काही नाही. काउंटरवर ओआरएसची पुडी पुढे मांडून ठेवलीय, बोरन्हाणातल्या चुरमुऱ्यांसारखी, हाताला लागेल अशी. जुलाबाची चिठ्ठी आली की म्हणतो, "पुढच्या वेळी डॉक्टरना तुम्हीच विचारा, ओआरएस आणि झिंक लिहाल का?" दोन डॉक्टरांना मी स्वतः जाऊन तो लेख वाचून दाखवला. एक हसले, म्हणाले, "अरे, मला वाटायचं पुडी लिहिली की लोक म्हणतात, एवढ्यासाठी फी घेतली?" दुसऱ्यांनी चहा पाजला आणि विषय बदलला. स्टॉकिस्टच्या पोराला विचारलं, ओआरएसवर स्कीम आहे का. त्याला वाटलं मी थट्टा करतोय.

परवाच्या त्या बाईचं सांगायचं राहिलं. पोर अर्धवट डोळे मिटून होतं. "शू केली का?" विचारलं. सकाळी एकदा, म्हणाली. तिथेच पुडी फोडली. इथे एक गडबड नेहमी होते: लोक पुडीतली चमचाभर पावडर पेल्यात टाकतात, उरलेली डब्यात ठेवतात, प्रमाणाचा पार बट्ट्याबोळ. लिटर म्हणजे किती, हे घरात कोणाला नक्की ठाऊक नसतं. म्हणून काउंटरखाली मी लिटरच्या रिकाम्या, धुतलेल्या बाटल्या जमवून ठेवल्यात. अख्खी पुडी, अख्खी बाटली. चमच्याने पाजायला सांगितलं. पहिला चमचा बाहेर आला, दुसरा गेला, पाचव्याला पोराने चमचाच धरून ठेवला. वाटीभर प्यायलं तेव्हा डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. पाणी घेणं बंद केलं, सुस्तावलं, शू झाली नाही किंवा शीमध्ये रक्त दिसलं तर तडक ग्रामीण रुग्णालय गाठा, असं तिला दोनदा सांगितलं. झिंकची बाटली दिली, चौदा दिवस म्हणून बजावलं. अँटिबायोटिक तिने घेतलंच. डॉक्टरने लिहिलेलं मी कसं काढणार?

"बाटलीचे किती?"

"बाटलीचे नाहीत. आणि ही पुडीही राहू दे."

तिने पुडीचा रिकामा कागद काउंटरवरून उचलला, उजेडात धरला आणि एक्सपायरी वाचली.