डॅम म्हणजे आपला दाम नाही, तो फॉरवर्ड चुकीचा आहे

आमच्या फॅमिली ग्रुपवर तो मेसेज परत फिरून आला, आणि यावेळी भाचीने तो खरा समजून शाळेच्या इंग्लिश प्रोजेक्टमध्ये उतरवून टाकला, म्हणून आता बसून नीट लिहितेय. मेसेज असा आहे: इंग्रज 'आय डोन्ट गिव्ह अ डॅम' (damn), म्हणजे मला काडीची पर्वा नाही, असं म्हणतात तो शाप नाहीच, तो आपला दाम, मुघलांचं तांब्याचं नाणं, वेलिंग्टनने असईच्या लढाईनंतर तो इंग्लंडला नेला, तिकडे स्पेलिंगच्या शेवटी उगाच एन चिकटवला, हॉब्सन-जॉब्सन या भारतातल्या इंग्रजांच्या शब्दांच्या जुन्या कोशात हे छापलंय, आणि ऑक्सफर्ड डिक्शनरीवाले मुद्दाम दडवतात.

आधी वेलिंग्टन, कारण सगळा डोलारा त्याच्यावरच उभा आहे. आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झालेला इंग्रज सेनापती, भारतात होता १७९७ ते १८०५, आणि असई, जी आपल्या जालना जिल्ह्यात आहे, ती लढाई २३ सप्टेंबर १८०३ ची. इथपर्यंत बरोबर. पण 'तीन डॅमची पर्वा नाही' अशा अर्थाचं वाक्य ऑलिव्हर गोल्डस्मिथ या इंग्लिश लेखकाने १७६० मध्येच लिहिलंय, शेवटच्या एनसकट, आणि वेलिंग्टनचा जन्म १७६९ चा! जो शब्दप्रयोग माणूस जन्मायच्या आधी छापून आलाय तो त्याने चौतिसाव्या वर्षी इकडून कसा नेला असेल? शिवाय त्या काळात दख्खनच्या बाजारात सामान्य माणसाच्या हातात तांब्याचं नाणं असायचं ते शिवराई, अकबराचा दाम नाही.

आता तो एन. तो चिकटवलेला नाही, मुळातलाच आहे. लॅटिनमधलं 'डॅम्नारे' म्हणजे दोषी ठरवणं, शिक्षा देणं, ते फ्रेंचमधून इंग्लिशमध्ये आलं, आणि पुढे देवाने नरकात धाडावं असा शाप झाला. एकटा शब्द बोलताना एन गिळला जातो, पण 'डॅम्नेशन' म्हणून बघा, लगेच ऐकू येतो. आणि हा शब्द तर आपण रोज वापरतो की, ऑफिसची जुनी जीप मागच्या आवारात गवतात उभी असते, टायर बसलेले, तिला आपण कंडम झाली म्हणतो, तो 'कंडेम' त्याच लॅटिन शब्दापासून झालाय. धरणाला म्हणतात तो डॅम पुन्हा वेगळाच, तो जर्मन-डच कुळातला, त्याला एन कधी नव्हताच. शापाचा डॅम, धरणाचा डॅम आणि आपला दाम, कानाला तिन्ही सारखे लागतात पण घराणी तीन.

किमतीचं गणित पण जमत नाही. अकबराच्या वेळी एका रुपयाचे चाळीस दाम, आणि एक दाम साधारण वीस ग्रॅमचा, म्हणजे आजची दहाची अडीचेक नाणी हातात घेतल्यासारखा जाडजूड तांब्याचा तुकडा. ह्याला क्षुल्लक कोण म्हणेल! क्षुल्लक होती ती दमडी, दामाचा आठवा हिस्सा, म्हणून तर आपण 'दमडीची किंमत नाही' म्हणतो, 'चमडी जाईल पण दमडी जाणार नाही' म्हणतो, आणि दामाचं नाव घेतो ते मात्र 'दाम करी काम' असं मानाने.

हॉब्सन-जॉब्सनबद्दल मेसेजमध्ये अर्धंच सांगितलंय. यूल आणि बर्नेल यांनी १८८६ च्या त्या कोशात ही गोष्ट लिहिलीये हे खरं, पण सुचवण म्हणून. इथले इंग्रज 'दमडीसुद्धा देणार नाही' म्हणायचे, त्यावरून तो डॅम आला असावा, असा तर्क त्यांनी केला. ऑक्सफर्डने तो तर्क दडवला नाही, उलट त्याची दखल घेऊन कल्पना हुशारीची आहे पण वस्तुस्थितीचा आधार नाही असं स्वच्छ नोंदवलंय. आणि भारतीय शब्द लपवायचेच असते तर लूट, बंगला, शांपू यांच्यापुढे भारतीय मूळ लिहिलं असतं का? 'मंगूस'पुढे तर थेट मराठीचं नाव आहे, आपलं मुंगूस.

मेसेजच्या शेवटी असतं की शिवी नाहीये तर मुलांनी बिनधास्त वापरावा. ह्याने मला खरंच काळजी वाटते. शब्द कुठून आला हे एक, आणि ऐकणाऱ्याला तो कसा लागतो हे दुसरं. इंग्लिश बोलणाऱ्याला तो शापच ऐकू येतो, आज सौम्य झालाय, मित्रांत चालतो, पण टीचरला किंवा मुलाखतीत नाही चालत.

आणि दामाचा खरा प्रवास सांगायचाच तर तो उलट दिशेचा आहे, ग्रीकांचं ड्राख्मा नावाचं नाणं, ते नाव इकडे येऊन द्रम्म झालं, उत्तर कोकणच्या शिलाहार राजांच्या लेखांत तो द्रम्म नोंदलेला आहे, आणि त्याचाच पुढे दाम झाला. भाचीला प्रोजेक्टचं ते पान बदलून आता हे लिहायला सांगितलंय.