एकच हात, दोन कप्पे नाहीत

अमेरिकन लेखक आयझॅक आसिमोव्ह यांच्यावरचा तुमचा लेख आवडला. फक्त त्यांची शास्त्र समजावणारी पुस्तकं वेगळी आणि विज्ञानकथा वेगळ्या, अशी जी विभागणी तुम्ही केली आहे ती मला पटत नाही. हा माणूस बोस्टन विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवायचा. जंतू, रक्त, जीवनसत्त्वं यांचा शोध कसा लागत गेला यावर त्यांनी मुलांसाठी छोटी पुस्तकं लिहिली, शरीररचनेवर मोठ्यांसाठी लिहिलं. तोच शिक्षक कथांमध्येही दिसतो.

१९६६ची ‘फँटॅस्टिक व्हॉयेज’ घ्या. ही मूळ त्यांची कल्पना नव्हे, चित्रपटाच्या पटकथेवरून लिहिलेली कादंबरी. आतल्या माणसांसकट सूक्ष्म केलेली पाणबुडी रुग्णाच्या रक्तात सोडतात, ती ठरावीक वेळेनंतर पुन्हा मूळ आकाराची होणार असते. चित्रपटात पांढरी पेशी पाणबुडी गिळते आणि माणसं तेवढी डोळ्यातल्या अश्रूंतून बाहेर येतात. मग आत राहिलेली पाणबुडी फुगली तर रुग्णाचं काय? आसिमोव्हना हे सहन होणं शक्यच नव्हतं. कादंबरीत त्यांनी ती पेशीच, पोटातल्या पाणबुडीच्या अवशेषांसकट, माणसांच्या मागे डोळ्यापर्यंत आणून बाहेर काढली! मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा ते पान लगेच पुन्हा वाचलं होतं.

त्यांच्या ‘फाउंडेशन’ या विज्ञानकथा-मालिकेबद्दल तुम्ही भरभरून लिहिलंय, त्यात भर घालण्यासारखं माझ्याकडे काही नाही. पण त्यांच्या शरीरशास्त्रावरच्या पुस्तकांवर एक स्वतंत्र लेख जरूर लिहा, मनापासून वाट बघतोय.