झुकोव्ह सायबेरियात मेला नाही : एक खुलासा

‘बर्लिन जिंकणाऱ्या मार्शल झुकोव्हची पदके स्टालिनने काढून घेतली, त्याला सायबेरियात धाडले आणि तो तिथेच मेला’ असा मजकूर फिरतो आहे. यातले खरे एवढेच की स्टालिनची मर्जी गेली.

एप्रिल 1946 मध्ये हवाई दलाचा प्रमुख नोविकोव्ह याला अटक झाली आणि त्याच्याकडून झुकोव्हविरुद्ध जबाब लिहून घेतला गेला. जूनमध्ये झुकोव्हचे भूदलाचे सरसेनापतिपद गेले. त्याला ओदेसा लष्करी विभाग मिळाला, फेब्रुवारी 1948 मध्ये उरल विभाग. त्याआधी घराची झडतीही झाली. जर्मनीतून आणलेले गालिचे, फरचे कोट, चित्रे जप्त झाली. (लुटीचा हा आरोप मात्र खोटा नव्हता.) उरलचे मुख्यालय स्वेर्दलोव्स्कला, म्हणजे आजच्या येकातेरिनबुर्गला, बहुधा त्यावरूनच ‘सायबेरिया’ आले. गल्लत होते ती पद आणि हुद्दा यांत: पद उतरले, मार्शलचा हुद्दा कायम राहिला. पदकेही.

पुढचे तर मजकुरात नाहीच. 1953 मध्ये स्टालिन गेल्यावर तो संरक्षण उपमंत्री झाला, स्टालिनच्या गुप्त पोलिसांचा प्रमुख राहिलेल्या बेरियाच्या अटकेत सामील होता, 1955 मध्ये संरक्षणमंत्री. 1957 च्या सुरुवातीला भारतातही येऊन गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्याला घरी बसवले ते स्टालिननंतरचा सोवियत नेता ख्रुश्चेव्ह याने. 18 जून 1974 ला तो मॉस्कोत वारला; अस्थी क्रेमलिनच्या भिंतीत आहेत.

स्टालिनच्या काळात खरोखर जीव गेला तो इतर सेनानींचा: गोळी घातली गेली ती गोर्दोव्ह आणि कुलिक या सोवियत जनरलांना, ऑगस्ट 1950 मध्ये. त्यांची नावे कुणी फिरवत नाही.