चालती गाडी बंद पडते म्हणून लगेच गाडीचा पेट्रोल पंप बदलू नका

जुन्या गाड्या वापरणाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मजकूर वारंवार फिरतो. शब्द थोडे बदलतात, मुद्दे तेच राहतात. चालती गाडी बंद पडली तर शंभरात नव्वद वेळा टाकीतलं पेट्रोल इंजिनाकडे ढकलणारा पेट्रोल पंपच गेलेला असतो, सरळ बदला. स्कॅनरवर बिघाडाचा कोड नसेल तर सेन्सर आणि वायरिंग उत्तम आहेत. बॅटरीचा लाल दिवा लागला म्हणजे बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर संपला, खात्री करायची तर चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून बघा. सगळ्याचं मूळ ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. रस्त्यात बंद पडली तर किल्ली काढून पुन्हा लावा, गाडी ‘रीसेट’ होते. आणि शेवटी, पंधरा वर्षांची गाडी असंच करणार, विकून टाका.

हा मजकूर वाचून लोक गॅरेजमध्ये जातात आणि स्वतःच सांगतात, पंप टाका. नवा पंप बसतो, आठ दिवसांनी गाडी पुन्हा भर चौकात बंद. पैसे गेल्याचं दुःख आहेच. त्याहून वाईट म्हणजे यातल्या एका सूचनेनं ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक, जळू शकतो आणि एक थेट जिवावर बेतू शकते. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘शंभरात नव्वद वेळा पंपच’

या नव्वदला कसलाही आधार दिलेला नसतो. पंप जातात, खरं आहे. पण पेट्रोल कमी पडून बंद पडणारं इंजिन आधी कुरकुरतं. चढावर पिकअप जातो, झटके बसतात, अॅक्सिलरेटर दाबला की आणखी मरतं, सोडला की थोडं सावरतं, मग बंद होतं. याउलट प्लगला करंट मिळायचा थांबला तर किल्ली फिरवल्यासारखं एका क्षणात सगळं शांत. त्यामुळे पहिला प्रश्न ‘काय गेलं’ हा नसतोच. ‘कशी बंद पडली आणि कधी’ हा असतो. मेकॅनिकला हे नीट सांगितलंत तर त्याचं निम्मं काम झालं.

गरम झाल्यावर बंद पडते, अर्धा तास उभी केली की काहीच न झाल्यासारखी सुरू होते? मग आधी क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे ईसीयूला सांगणारा), इग्निशन कॉइल आणि इग्निशन मॉड्यूल (प्लगची ठिणगी घडवणारे भाग) यांच्याकडे बघा. बऱ्याच क्रँक सेन्सरच्या आत केसाएवढ्या तारेचं वेटोळं असतं. तार कुठे अर्धवट तुटली असेल तर उष्णतेनं फाकते आणि थंड झाली की पुन्हा टेकते. अमेरिकेत फोर्डच्या १९८० आणि ९० च्या दशकांतल्या गाड्यांमध्ये डिस्ट्रिब्युटरवरच (प्लगना करंट वाटणाऱ्या भागावर) बसवलेलं इग्निशन मॉड्यूल तापून अशाच गाड्या बंद पाडत असे. प्रकरण कोर्टात गेलं आणि २००१ मध्ये तडजोड झाली. झिजलेला पंपही गरम झाल्यावर दगा देतो हे मान्य, पण तेवढ्यावरून बाकीचे सुटत नाहीत.

ज्या गाडीत आरपीएमचा काटा आहे, तिथे एक खूण फार उपयोगी पडते. गाडी गिअरमध्ये आहे, चाकं फिरताहेत, म्हणजे इंजिनही फिरतंय. तरी बंद पडण्याच्या क्षणी काटा धपकन शून्यावर आला, तर ईसीयूला इंजिन फिरतंय हेच कळत नाहीये. अशा वेळी संशय क्रँक सेन्सरवर किंवा त्याच्या वायरवर. काटा गाडीच्या वेगाबरोबर हळूहळू उतरला, तर पेट्रोलच्या बाजूनं शोध घ्यायला हरकत नाही.

फक्त सिग्नलला थांबताना बंद पडते, हायवेला काही त्रास नाही? इंजिनात हवा सोडणाऱ्या थ्रॉटल बॉडीत साचलेला काळा थर आणि थांबलेल्या गाडीत इंजिन चालतं ठेवणारा आयडल व्हॉल्व्ह आधी साफ करा. कार्बोरेटरच्या गाडीत आयडलिंगचा कट-ऑफ सोलेनॉइड बघा. ब्रेक दाबला की इंजिन डचमळून बंद होतं? ब्रेक बूस्टरचा (इंजिनाच्या निर्वातावर ब्रेकला जोर देणाऱ्या डब्याचा) पडदा फाटलेला असू शकतो, त्यातून इंजिनात नको ती हवा शिरते. हे दुखणं तर थेट ब्रेकचं आहे, लांबवू नका. फक्त पावसात त्रास? रात्री अंधारात बॉनेट उघडा, इंजिन चालू ठेवून प्लगच्या वायरींवर आणि डिस्ट्रिब्युटरच्या कॅपवर लांबून पाण्याचा बारीक फवारा मारा. हात मात्र लावू नका. गळका करंट निळ्या ठिणग्यांनी स्वतःची जागा दाखवतो.

आणि टाकीचं झाकण. त्याचा हवेचा मार्ग चोंदला तर टाकीत निर्वात तयार होतो आणि पेट्रोल ओढलंच जात नाही. बंद पडल्यावर झाकण उघडताना ‘फुस्स’ करून हवा आत गेली आणि गाडी लगेच सुरू झाली, तर एवढाच रोग.

मारुती ८०० किंवा ओम्नीची जुनी कार्बोरेटरची गाडी असेल तर पंप बदलण्याचा सल्ला मुळातच लागू होत नाही. तिचा पंप टाकीत नसतो, इंजिनवर असतो आणि कॅमशाफ्टच्या धक्क्यावर चालतो. मे महिन्यात घाट चढताना इंजिनच्या उष्णतेनं पेट्रोलची वाफ होते आणि गाडी बंद पडते. पंप नवा टाकला तरी ती वाफ होणारच. इंजिन का तापतंय आणि पेट्रोलची नळी कुठे टेकली आहे ते बघावं लागतं.

सीएनजी किट असलेल्यांकडे तर फुकटची चाचणी आहे. गाडी सीएनजीवर चालतानाही तशीच बंद पडत असेल, तर पेट्रोल पंपाचा संबंध जवळजवळ संपला. दोन्ही इंधनांना सामाईक असलेल्या गोष्टी शोधा: प्लग, कॉइल, क्रँक सेन्सर, मेन रिले (ईसीयू आणि पंपाला करंट जोडणारा स्विच), इग्निशन स्विच, अर्थिंग.

पंपावर संशय उरलाच तर मोजा. गेजवर प्रेशर दिसतं. इंजेक्शनच्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांत ते तीन बारच्या आसपास असतं, नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये मिळतो. चांगला मेकॅनिक लांब नळीचा गेज बॉनेटमधून बाहेर काढून पुढच्या काचेवर चिकटवतो आणि गाडी फिरवून आणतो. बंद पडताना प्रेशर कायम होतं, तर पंप निर्दोष. प्रेशर पडलं तरी पंपाच्या कनेक्टरवर करंट पोचतोय का हे आधी बघा. १९९० च्या दशकातल्या होंडा गाड्यांचा मेन रिले यासाठी जगभर ओळखला जातो. तो उघडून सर्किट उलटं केलं आणि टॉर्चखाली भिंगातून पाहिलं, तर एखाद्या पिनेभोवती सोल्डरला केसासारखी गोल चीर दिसते. गाडी उन्हात तापली की ती चीर उघडते आणि पंपाचा करंट तुटतो. यावरचा इलाज म्हणजे थोडं नवं सोल्डर.

‘कोड नाही म्हणजे सेन्सर ठीक’

भारतात प्रवासी गाड्यांना ओबीडी (गाडीनं स्वतःचे बिघाड नोंदवून स्कॅनरला सांगण्याची सोय), त्यातलं ओबीडी-१ एप्रिल २०१० पासून आणि ओबीडी-२ एप्रिल २०१३ पासून सक्तीचं झालं. त्याआधीच्या कितीतरी गाड्यांशी बाजारातला स्वस्त स्कॅनर नीट बोलतही नाही. आणि बोलला तरी? चालता चालता क्रँक सेन्सरचा सिग्नल गेला, तर बऱ्याच जुन्या ईसीयूंना इंजिन बंद केलं गेलं आणि सेन्सर गेला यांतला फरकच कळत नाही. दोन्ही वेळा सिग्नल शून्यच. मग कोड नोंदवणार कशाचा? कोडपेक्षा लाइव्ह डेटा बघा: बंद पडल्यावर लगेच सेल्फ मारा आणि स्कॅनरवर आरपीएम वाचा. इंजिन फिरतंय आणि स्कॅनर शून्य दाखवतोय, तर चोर सापडला.

‘लाल दिवा म्हणजे अल्टरनेटर’

किल्ली ऑन असताना इंजिन बंद पडलं की बॅटरी आणि ऑइलचे दिवे लागणारच. इंजिन थांबलं की अल्टरनेटरही थांबतो. बंद पडल्यानंतर लागलेल्या दिव्याला काही अर्थ नाही. बंद पडण्याआधीपासून मिणमिणत असेल तर आहे. याउलट डॅशबोर्डवरचे सगळेच दिवे विझले, रेडिओही गेला, तर ती मोठी खूण आहे. बॅटरीचं ढिलं टर्मिनल, मुख्य फ्यूज किंवा इग्निशन स्विच तपासा.

इग्निशन स्विचला लोक हलक्यात घेतात. जनरल मोटर्सनं २०१४ मध्ये सुमारे २६ लाख छोट्या गाड्या याच एका भागासाठी परत बोलावल्या. किल्ल्यांच्या जड जुडग्यानं किंवा खड्ड्याच्या धक्क्यानं किल्ली ‘रन’वरून मागे सरकायची, इंजिन बंद पडायचं आणि अपघातात एअरबॅगही उघडायची नाही. भरपाईसाठी १२४ मृत्यूंचे दावे मान्य झाले. तुमची गाडी त्या कंपनीची नसेल, पण झिजलेला स्विच कुठल्याही जुन्या गाडीत असू शकतो. गाडी उभी करून न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक लावून इंजिन चालू ठेवा, स्टार्टकडे न फिरवता किल्ली हलकेच हलवा. इंजिन अडखळलं तर उत्तर मिळालं.

आणि चालू इंजिनवर बॅटरीची वायर कधीही काढू नका. बॅटरी ही व्होल्टेज सांभाळणारी उशी आहे. ती अचानक निघाली की अल्टरनेटरचं व्होल्टेज उसळतं आणि ईसीयू, रेग्युलेटर जळू शकतात. मल्टीमीटर लावा: इंजिन बंद असताना १२.६ च्या आसपास, चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट.

‘सगळं ई-२० मुळे’

या मुद्द्यात तथ्य आहे, म्हणूनच तो नीट मांडायला हवा. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप, कार्बोरेटरचे पडदे आणि सील एवढं इथेनॉल गृहीत धरून बनवलेले नव्हते. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशानं कमी. कार्बोरेटर ते आपणहून भरून काढू शकत नाही, त्यामुळे मिश्रण पातळ होऊन मिसिंग येतं. टाकीतला जुना गाळ सुटून फिल्टर चोंदतो. पावसाळ्यात महिनोन्‌महिने उभ्या गाडीच्या टाकीत पाणी मुरतं. तपासायचं असेल तर टाकीतलं थोडं पेट्रोल आगीपासून लांब, स्वच्छ काचेच्या बाटलीत काढून स्थिर ठेवा; तळाशी वेगळा थर बसला तर टाकी साफ करून घ्या. पण गाडी फक्त पावसात किंवा फक्त ब्रेक दाबल्यावर बंद पडत असेल, तर ई-२० ला दोष देऊन बूस्टर दुरुस्त होणार नाही.

‘किल्ली काढा, पुन्हा लावा’

चालत्या गाडीत किल्ली काढली की स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. हा सल्ला ज्यानं कुणी लिहिला असेल त्यानं घाटातलं एक वळण डोळ्यांसमोर आणावं. इंजिन बंद पडलं तरी ब्रेक जात नाहीत. बूस्टरमध्ये एकदोन दाबांपुरतं निर्वात शिल्लक असतं. म्हणून ब्रेक पुन्हापुन्हा पंप करून ते संपवू नका, एकदाच दाबा आणि दाबून धरा. त्यानंतर पेडल कडक होतं, जोर जास्त लागतो, पण ब्रेक लागतात. पॉवर स्टिअरिंग जड होतं, वळतं मात्र. हॅझर्ड लावा, डावीकडे घ्या, गाडी थांबेपर्यंत किल्ली काढायची नाही. माणसं रस्त्यापासून दूर उभी करा, त्रिकोण बराच मागे ठेवा.

‘जुनी गाडी असंच करणार’

नाही करत. मात्र पंधरा-वीस वर्षांत अर्थिंगच्या पट्ट्या गंजतात, इंजिनाजवळच्या वायरींचं आवरण कडक होऊन तडकतं, कनेक्टरमध्ये हिरवा गंज चढतो. इंजिन चालू ठेवून पंखा आणि बेल्टपासून हात लांब ठेवत वायरींचे जुडगे एकेक करून हलवा, बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलपासून इंजिनपर्यंत मल्टीमीटर लावून सेल्फ मारताना किती व्होल्ट गळतात ते बघा. अर्ध्या व्होल्टच्या पुढे आकडा गेला तर ती पट्टी काढा, दोन्ही टोकं पॉलिश पेपरनं घासा आणि घट्ट आवळा. पंपाचा डबा तोवर दुकानातच राहू द्या.