सात मुलींचा मेसेज: त्यात खरं किती?

गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर ज्या विषाणूमुळे होतो त्या एचपीव्हीविरुद्ध मुलींना लस देतात. तिच्याविषयीचा एक मेसेज मुंबईतल्या पालकांच्या ग्रुपवर पुन्हा पुन्हा फिरतो. कुलाब्यापासून दहिसरपर्यंत शब्द थोडे बदलतात, मुद्दे तेच. गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरचं नाव पुढे करून कोवळ्या मुलींवर प्रयोग चाललाय. २०१० साली सात मुली मेल्या म्हणून सरकारनेच तो थांबवला. जपानने लस बंद केली. तिच्यातल्या रसायनाने मुली वांझ होतात. हा परदेशी कंपन्यांचा धंदा आहे. आजार ‘तसल्या’ संबंधांतून होतो, चांगल्या घरच्या मुलींना लसीची गरज नाही. मुंबईत हा कॅन्सर तसाही घटतोय, वर्षाला एक पॅप टेस्ट (गर्भाशयाच्या तोंडाच्या पेशींची तपासणी) केली की झालं. आणि शेवटी: ‘आपल्या लेकीसाठी पुढे पाठवा.’

यातल्या निव्वळ थापांची फार काळजी नाही. त्रास देतात ती अर्धी खरी वाक्यं, कारण कुणी शोधायला गेलं की त्यांचा एक तुकडा खरा निघतो आणि मग सगळाच मेसेज खरा वाटायला लागतो. पहिला मुद्दा नेमका त्याच जातीचा आहे.

‘२०१० साली लसीने सात मुली मेल्या’

सात मुली गेल्या, हे खरं. २००९ मध्ये पाथ ही अमेरिकेतली आरोग्य संस्था, आयसीएमआर ही सरकारी वैद्यकीय संशोधन परिषद आणि दोन राज्य सरकारं यांनी मिळून तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यात वीस हजारांहून जास्त मुलींना लस दिली. त्यांतल्या सात जणी पुढे दगावल्या, पाच खम्मममध्ये आणि दोन वडोदऱ्यात. चौकशीत कारणं निघाली ती अशी: एक खाणीच्या पाण्यात बुडाली, एकीला साप चावला, दोघींनी कीटकनाशक प्यायलं, एकीचा मलेरिया बिघडला. उरलेल्या दोघींचं कारण तितकं पक्कं नव्हतं. एकीला तीव्र ताप होता, दुसरीला मेंदूत रक्तस्राव झाल्याचा संशय होता. या दोन्हींचा लसीशी संबंध असण्याची शक्यता चौकशी करणाऱ्यांनी फार कमी धरली. खेड्यापाड्यातल्या वीस हजार मुलींवर काही महिने नजर ठेवली, तर लस दिलेली असो वा नसो, काही मृत्यू दिसणारच. साप आणि मलेरिया लसीचं कार्ड बघून मागे फिरत नाहीत.

पण प्रकल्पावर ताशेरे ओढले गेले, ते उगाच नाही. संसदेच्या स्थायी समितीने ऑगस्ट २०१३ च्या अहवालात संमतीच्या कागदांची अक्षरशः चिरफाड केली. आंध्रातल्या ९,५४३ फॉर्मपैकी २,७६३ फॉर्मांवर आईवडिलांच्या जागी वसतिगृहाच्या वॉर्डनची सही होती. लसीनंतर काही झालं तर नोंद कोण घेणार, उपचार कोण करणार, याचीही धड व्यवस्था नव्हती. लसीच्या बाजूने बोलणारी मंडळी हा भाग गाळतात, आणि म्हणूनच लोकांना त्यांचं उरलेलं बोलणंही पटत नाही.

मेसेज लिहिणाऱ्याला बहुधा ठाऊक नसलेली गोष्ट याच्या पुढची. एप्रिल २०१० मध्ये सरकारने लसीकरण थांबवलं तेव्हा देशात एक वेगळा अभ्यासही चालू होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेचा तो अभ्यास, पुणे आणि बार्शी ही त्याच्या केंद्रांपैकी दोन. १० ते १८ वर्षांच्या मुलींना दोन डोस पुरतात की तीन लागतात, एवढंच त्यात तपासायचं होतं. बंदी आली आणि तोही अर्ध्यावर अडकला. कुणाचे तीन डोस झाले होते, कुणाचे दोन, आणि सुमारे ४,९५० मुलींचा फक्त एक. मुद्दाम एकच डोस देऊन बघायला त्या काळी कोणत्याही नैतिकता समितीने परवानगी दिली नसती. संशोधकांनी या सगळ्या मुलींची पुढे दहा वर्षं तपासणी चालू ठेवली. २०२१ मध्ये निष्कर्ष छापून आले. एचपीव्ही १६ आणि १८ या दोन प्रकारांचा चिवट संसर्ग रोखण्यात एका डोसचा परिणाम ९५.४ टक्के होता, तीन डोसांचा ९३.३. म्हणजे व्यवहारात फरक नाहीच. केनियातल्या चाचणीतूनही तेच दिसलं आणि डिसेंबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ९ ते २० वयासाठी एक डोसही चालेल असं जाहीर केलं. जी बंदी लसीविरुद्धचा पुरावा म्हणून फिरवली जाते, तिच्यातूनच लसीच्या बाजूचा एक भक्कम पुरावा हाती आला.

यातून एक गोंधळ होतो तो इथेच सोडवू. भारतात लसीच्या खोक्यावर ९ ते १४ वयासाठी सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस लिहिलेले असतात, १५ पासून पुढे तीन. त्यामुळे डॉक्टर दोन सांगतात आणि बातमीत एक वाचायला मिळतो. दोघंही चूक नाहीत, एक परवान्यातली भाषा आहे आणि दुसरी सार्वजनिक मोहिमेसाठीची शिफारस. एचआयव्ही असलेल्या किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असलेल्या मुलीला मात्र एकावर भागवू नये. तिला किमान दोन, शक्यतो तीन.

‘जपानने लस बंद केली’

बंद केली नाही. जून २०१३ मध्ये जपान सरकारने लस घ्या असं घरोघरी कळवणं थांबवलं, लस मोफत मिळतच होती. वाहिन्यांवर लसीनंतर झटके येतात म्हणणाऱ्या मुली दिसत होत्या आणि तेवढं पुरलं. लसीकरण सुमारे ७० टक्क्यांवरून एका टक्क्याच्याही खाली गेलं. नागोया शहराने सुमारे ३० हजार तरुणींकडून २४ प्रकारच्या तक्रारींची माहिती गोळा केली तेव्हा लस घेतलेल्या आणि न घेतलेल्यांत फरक सापडला नाही. एप्रिल २०२२ पासून सरकारने शिफारस पुन्हा सुरू केली आणि मधल्या वर्षांत राहून गेलेल्या मुलींना मोफत डोस देऊ केले. त्या खंडामुळे पुढे पाच हजारांहून जास्त जपानी स्त्रिया जीव गमावतील, असा अंदाज संशोधकांनी मांडला आहे. मेसेज २०१३ पाशीच थांबतो.

‘रसायनाने वांझ होतात’

बोट पॉलिसॉर्बेट ८० कडे असतं. गार्डासिल या एचपीव्ही लसीच्या एका डोसात ते ५० मायक्रोग्रॅम असतं, म्हणजे एका ग्रॅमचा वीस हजारावा भाग. हेच द्रव्य आइस्क्रीम नीट मिळून यावं म्हणूनही वापरतात. भीतीचं मूळ उंदरांच्या नवजात पिल्लांना त्यांच्या वजनाच्या मानाने अफाट मात्रा टोचलेल्या एका जुन्या प्रयोगात आहे. माणसांत बघायचं तर डेन्मार्कने सुमारे दहा लाख मुली-स्त्रियांच्या नोंदी तपासल्या. बीजकोश वेळेआधी निकामी होण्याचा लसीशी संबंध आढळला नाही.

मूल होण्याची शक्यता खरोखर संपवतो तो कॅन्सरचा उपचार. वाढलेल्या गाठीसाठी गर्भाशय काढावं लागतं किंवा ओटीपोटात किरणोत्सर्ग द्यावा लागतो आणि त्यात बीजकोश निकामी होतात. कॅन्सरपूर्व बदल काढताना पिशवीच्या तोंडाचा मोठा तुकडा कापावा लागला, तर पुढच्या बाळंतपणात दिवस भरण्याआधी प्रसूतीचा धोका वाढतो.

‘लसीत जिवंत विषाणू असतो’ असंही कुणी जोडून देतं. नसतो. विषाणूच्या बाहेरच्या कवचाचं एक प्रथिन यीस्टमध्ये तयार करतात. आत जनुकं नसलेली ती रिकामी टरफलं, त्यांनी संसर्ग होणं शक्य नाही.

खरे दुष्परिणाम सांगायचे तर दंड दुखतो, सुजतो, कधी ताप येतो. तीव्र ॲलर्जी दहा लाख डोसांमागे एक-दोन जणींना होते. आणि या वयातल्या काही मुली सुई बघून चक्कर येऊन पडतात. ही सगळ्यांत उठून दिसणारी गडबड, आणि रांगेतल्या पुढच्या मुलीने ती पाहिली की तीही पडते. म्हणून मुलीला उपाशी पाठवू नये, डोस बसवून द्यावा आणि नंतर अर्धा तास तिथेच थांबवावं.

‘परदेशी कंपन्यांचा धंदा’

सर्व्हाव्हॅक ही एचपीव्ही लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची. परवाना जुलै २०२२ चा, बाजारात २०२३ मध्ये आली, तेव्हा किंमत डोसामागे सुमारे दोन हजार रुपये. धंदा आहेच, क्रोसिनचाही आहे.

‘चांगल्या घरच्या मुलींना गरज नाही’

या एका वाक्याने बाकीच्या सगळ्यांपेक्षा जास्त नुकसान केलंय. एचपीव्ही मुख्यतः शरीरसंबंधातल्या त्वचेच्या स्पर्शातून पसरतो. शरीरसंबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना तो आयुष्यात कधी ना कधी गाठतो, लग्न एकच आणि जोडीदार एकच असला तरीही. कंडोमने धोका कमी होतो, जात नाही, कारण झाकलेल्या भागाबाहेरही विषाणू असतो. दहापैकी सुमारे नऊ संसर्ग दोन वर्षांत आपोआप निघून जातात. उरलेला एखादा चिकटून बसतो आणि १५ ते २० वर्षांत कॅन्सरपर्यंत पोचू शकतो. लस आधीचा संसर्ग बरा करत नाही, म्हणून ती संबंध सुरू होण्याच्या बऱ्याच आधी द्यायची. शिवाय ९ ते १४ वयात शरीर तिला सर्वांत जोमदार प्रतिसाद देतं. नवव्या वर्षी लस देण्यामागे मुलीच्या चारित्र्याचा हिशेब नसतो, प्रतिपिंडांचा असतो.

मुलग्यांचंही तेच. गुदद्वार, शिश्न, घसा इथल्या काही कॅन्सरमागे हाच विषाणू असतो. २०१९ साली जगभरात एचपीव्हीमुळे स्त्रियांमध्ये ६ लाख २० हजार आणि पुरुषांमध्ये ७० हजार कॅन्सर झाल्याचा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

आणि ‘तसल्या’ हा शब्द बाईला गप्प करतो. संबंधानंतर रक्त जातंय, पाळी गेल्यावर पुन्हा डाग दिसतोय, अंगावरून दुर्गंधीचं पाणी जातंय, ही लक्षणं महिनोन्‌महिने लपवली जातात आणि तोवर गाठ पुढच्या टप्प्यावर गेलेली असते.

‘मुंबईत घटतोय, पॅप केली की पुरे’

घटतोय, बरोबर. मुंबईची कॅन्सर नोंदणी १९६० च्या दशकापासून चालू आहे आणि तिच्यात हे प्रमाण दशकानुदशकं उतरत आलेलं दिसतं. स्तनाच्या कॅन्सरने त्याला केव्हाच मागे टाकलं. उशिरा लग्न, कमी बाळंतपणं, बरी स्वच्छता अशी कारणं सांगितली जातात. पण २०२२ साली देशात सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण आणि ८० हजारांच्या आसपास मृत्यू झाले. दर लाख स्त्रियांमागे १७.७ हा आपला दर. आजार संपला म्हणायला तो ४ च्या खाली यावा लागतो. स्कॉटलंडमध्ये १२-१३ व्या वर्षी पूर्ण लस घेतलेल्या मुलींच्या पहिल्या पिढीत हा आक्रमक कॅन्सर एकीलाही आढळला नाही. आपोआप घटणं आणि हे, यांत अंतर आहे.

लस घेतली तरी तपासणी सुटत नाही, कारण कॅन्सर करणारे सगळे प्रकार लसीत नसतात. पण ती दरवर्षी पॅपच असायला हवी असंही नाही. परळच्या टाटा हॉस्पिटलने मुंबईच्या वस्त्यांमध्ये दीड लाख स्त्रियांवर अभ्यास केला. दहावीपर्यंत शिकलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी साध्या व्हिनेगरच्या आम्लाने तपासणी केली आणि या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. (तुलनेसाठीच्या निम्म्या स्त्रियांना तपासणी न देता नुसती माहिती दिली, यावर नैतिक आक्षेप आले आणि ते रास्त होते.)

या तपासणीला व्हीआयए म्हणतात. पाच टक्के ॲसिटिक ॲसिड कापसाने पिशवीच्या तोंडाला लावायचं आणि पूर्ण एक मिनिट थांबायचं. बदललेला भाग दाट पांढरा होतो, कडा स्पष्ट दिसतात. चुकतं ते इथे: ५ मिली तीव्र ॲसिड ९५ मिली डिस्टिल्ड पाण्यात मिसळून द्रावण रोज ताजं करायचं असतं, कालचं वापरलं तर पांढरा डाग नीट उमटेलच असं नाही. रांग लांब असली की मिनिटाची वीस सेकंद होतात. पाळी गेलेल्या बाईत तपासायची जागा आत सरकते, तिथे व्हीआयए भरवशाची नाही, एचपीव्ही चाचणी करावी. ती तिशीनंतर पाच वर्षांतून एकदा पुरते आणि नमुना बाईला स्वतःही घेता येतो. पॅप करायची तर तीन वर्षांतून एकदा, पाळीच्या दिवसांत नको, आणि आधी दोन दिवस संबंध किंवा योनीत ठेवायची औषधं टाळावीत. व्हीआयए पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नव्हे, साध्या सुजेनेही भाग पांढरा होतो. कॅन्सरपूर्व बदल असेल तर बहुतेकदा १०० अंशाची तापवलेली टोकं २० ते ३० सेकंद टेकवून तो तिथेच जाळता येतो. तेवढ्यावरून कुणी थेट पिशवी काढायला सांगितलं, तर दुसऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय होकार देऊ नये.

शाळेत किंवा सोसायटीच्या हॉलमध्ये लसीचं सत्र असेल तर शंका जरूर घ्यावी, फक्त योग्य जागी. लस २ ते ८ अंशांत ठेवलेली आहे का? कुठे बर्फाला चिकटून गोठली होती का? गोठली की तिचा परिणाम वाढवायला घातलेले ॲल्युमिनियमचे कण गुठळतात आणि ती बाद होते. म्हणून पेटीत भरण्याआधी आइसपॅक बाहेर ठेवून, हलवल्यावर आत पाणी वाजेपर्यंत थांबायचं असतं. इंजेक्शन अर्ध्या मिलीचं, दंडाच्या स्नायूत. त्यानंतरच्या अर्ध्या तासात लक्ष कोण ठेवणार आणि ॲलर्जीवरचं ॲड्रेनॅलिन कुठे ठेवलंय, हेही विचारावं. आणि संमतीचा फॉर्म आदल्या आठवड्यात मुलीच्या दप्तरातून घरी आला पाहिजे. त्यावर वर्गशिक्षिकेने परस्पर सही केली असेल तर त्या दिवशी डोस देऊ देऊ नये, फॉर्म घरी आणून, वाचून, स्वतः सही करून पुढच्या तारखेला द्यावा. तारीख तेवढी पुढे गेल्याने काही बिघडत नाही.