मालक तीन, म्हणून टीडीएस नाही? हा फॉरवर्ड पुढे ढकलू नका

गंगापूर रोडपासून पाथर्डी फाट्यापर्यंत नाशिकच्या प्रॉपर्टी ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. म्हणणं असं की घर दोन-तीन जणांच्या नावावर असेल तर प्रत्येकाचा वाटा ५० लाखाच्या आत बसतो, म्हणून घेणाऱ्याने टीडीएस (मालकाला द्यायच्या पैशातून कापून सरकारकडे भरायचा टॅक्स, घराला ५० लाखापासून लागतो) कापायचा नाही, कापलाच तर पहिलं नाव ज्याचं त्याच्या पॅनवर एकदाच भरून टाकायचा, शेतजमिनीला तर तो लागतच नाही आणि एकदा रजिस्ट्रेशन झालं की कोण विचारतंय. यातलं एकही वाक्य आहे तसं खरं नाही.

वाट्याचं आधी बघू. हे अगदी हवेतून आलेलं नाहीये. २०१८ मध्ये दिल्लीच्या आयकर अपील न्यायाधिकरणाने एका केसमध्ये चार खरेदीदारांचा प्रत्येकी हिस्सा ५० लाखाच्या आत आहे म्हणून टीडीएस लागत नाही असं धरलं होतं आणि त्या निकालावर लोकांनी बरीच वर्षं काढली. पण जुलै २०२४ च्या बजेटमध्ये ती फट बुजवली. १ ऑक्टोबर २०२४ पासून घर-जमिनीच्या टीडीएसच्या कलमात, म्हणजे १९४-आयए मध्ये, सरळ लिहिलंय की घेणारे कितीही असोत, विकणारे कितीही असोत, सगळ्यांनी मिळून सगळ्यांना दिलेली एकूण रक्कम बघायची. (कलमं, फॉर्म सगळं १९६१ च्या कायद्यातलं सांगतोय, १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या कायद्यात नंबर वेगळे आहेत.) म्हणजे इंदिरानगरचं वडिलांचं घर दोन भाऊ आणि एक बहीण ९६ लाखाला विकतायत, वाटा प्रत्येकी ३२ लाख, तरी १ टक्का कापायचाच. आणि करारात ४८ लाख दाखवून सुटू म्हणाल तर तेही नाही, रेडी रेकनरने, म्हणजे सरकारी दराने, ५२ येत असतील तर १ टक्का ५२ वर, एप्रिल २०२२ पासून दोन्हीतली मोठी रक्कम धरतात.

एकाच पॅनवर भरायचं म्हणणाऱ्यांनी कधी २६क्यूबी, म्हणजे हा टीडीएस भरायचा फॉर्म, भरलेला दिसत नाही. प्रत्येक घेणारा आणि प्रत्येक विकणारा, अशा जोडीला वेगळा फॉर्म असतो, नवरा-बायको मिळून तिघांकडून घेत असतील तर सहा. कटकट आहे, मान्य. पण सगळं थोरल्याच्या पॅनवर टाकलं तर क्रेडिट त्याच्याच २६एएस मध्ये (कापलेल्या टॅक्सचा उतारा) दिसणार आणि बाकीचे दोघं रिटर्न भरताना तुम्हालाच फोन करणार. जाता जाता तिघांचं पॅन आधारशी लिंक आहे का तेही बघा, पॅन बंद असेल तर १ नाही, २० टक्के.

सगळ्यात महागात पडेल ते मेसेजमध्ये आहेच कुठे? समजा ती बहीण दुबईला असते आणि टॅक्सच्या हिशोबात अनिवासी आहे. तिच्या वाट्याला १९४-आयए नाही, १९५ (अनिवासींना पैसे देतानाचं टीडीएसचं कलम) लागतं, तिथे ५० लाखाची मर्यादाच नाही आणि फॉर्मही वेगळा, २७क्यू. घराची मालकी दोन वर्षांपेक्षा जुनी असेल तर १२.५ टक्के अधिक सेस, म्हणजे १३. भावांचे ३२-३२ हजार कापले जातात तिथे तिच्या ३२ लाखावर ४ लाख १६ हजार! खरा टॅक्स फक्त नफ्यावर असतो हे बरोबर, पण नफा किती हे आपणच ठरवून कमी कापायच्या फंदात पडू नका, तिला आधी इन्कम टॅक्सकडून कमी कपातीचं सर्टिफिकेट काढायला सांगा. कमी कापलं तर वसुली तुमच्याकडून, ती तिकडे निवांत.

शेतजमिनीची सूट आहे, पण मखमलाबाद, आडगाव महापालिका हद्दीत येतात, तिथे सातबारा असो की द्राक्षाची बाग उभी असो, १९४-आयए ला ती शेतजमीन नाहीच. २०११ च्या जनगणनेतच नाशिक १० लाखाच्या वर गेलंय, म्हणून हद्दीबाहेरही ८ किलोमीटर हवाई अंतरापर्यंत तेच. सातबाऱ्यावर पाच-सहा नावं असतात, तिथे तर हा मेसेज जास्तच घात करेल.

आणि कोण विचारतंय? मोठ्या रकमेच्या प्रत्येक दस्ताची माहिती रजिस्ट्रार ऑफिसकडून इन्कम टॅक्सला जाते, नोटीस येते ती घेणाऱ्याला. फॉर्मला उशीर झाला की दिवसाला २०० रुपये लेट फी, टीडीएसच्या रकमेपर्यंत, व्याज वेगळं. कापायचं असतं इसारापासूनच, प्रत्येक हप्त्यातून, आणि २६क्यूबीचं असेल तर तो महिना संपल्यापासून ३० दिवसांत भरायचं. लोनचा चेक बँकेने थेट मालकांना दिला तरी जबाबदारी तुमचीच, म्हणून चेक निघायच्या आधीच बँकेला टीडीएसचं सांगून ठेवा.