तीन सामने हरले म्हणून प्रशिक्षक काढायचा? एका फिरत्या संदेशाला उत्तर

गेल्या मंगळवारी रात्री आमच्या भाऊजींनी मला व्हॉट्सॲपवर एक लांबलचक संदेश पाठवला. ‘फुटबॉलमधली पाच कडू सत्ये’ असे त्याचे शीर्षक होते. त्याआधी तो तीन वेगवेगळ्या गटांतून माझ्याकडे येऊन गेला होता आणि दरवेळी मी तो अर्धवट वाचून सोडून दिला होता. या वेळी सोडता आला नाही, कारण खाली भाऊजींनी लिहिले होते, “रविवारी पालकांची बैठक आहे. सरांना काढायचं जवळपास ठरलंय. तुझं मत सांग.” सर म्हणजे माझ्या तेरा वर्षांच्या भाच्याचे प्रशिक्षक. नागपुरातल्या एका छोट्या क्लबात ते चौदा वर्षांखालील मुलांना शिकवतात आणि त्यांचा संघ या मोसमातले पहिले तीनही सामने हरला आहे. एका निनावी संदेशाच्या आधारावर एका माणसाचे काम जाणार असेल आणि वीस मुलांचे वर्ष वाया जाणार असेल, तर त्या संदेशाला नीट उत्तर द्यायलाच हवे.

संदेशातली पाच ‘सत्ये’ थोडक्यात अशी. सलग तीन सामने हरल्यावर प्रशिक्षक बदलावा, कारण नवा आला की संघ जिंकू लागतो. जो स्वतः मोठ्या पातळीवर खेळला नाही, तो शिकवू शकत नाही. पैसा ज्याच्याकडे, तोच जिंकतो. भारताने १९५० चा विश्वचषक बूट नव्हते म्हणून सोडला, तेव्हापासून आपले व्यवस्थापन असेच आहे. आणि शेवटचे, आशावादी चाहता हा संघाचा सर्वांत मोठा शत्रू असतो.

पहिला मुद्दा सर्वांत घातक आहे, कारण तो दिसायला खरा वाटतो. संदेशात लेस्टर सिटी या इंग्लिश क्लबचे उदाहरण दिले आहे: फेब्रुवारी २०१७ मध्ये त्यांनी प्रशिक्षक क्लॉडिओ रानिएरी यांना काढले, क्रेग शेक्सपिअर यांना आणले आणि संघाने लीगमधले पुढचे पाच सामने जिंकले. हे खरे आहे, मी ते नाकारत नाही. २०२१ च्या जानेवारीत चेल्सीने लॅम्पार्ड यांच्या जागी टुखेल यांना आणले आणि मे महिन्यात युरोपचा सर्वोच्च चषक जिंकला, हेही खरे आहे. पण संदेश लेस्टरची गोष्ट पाचव्या विजयावर थांबवतो. त्याच शेक्सपिअर यांना त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, म्हणजे आठ महिन्यांच्या आत, त्याच क्लबने काढून टाकले, हे त्यात कुठेही नाही. आणि ज्या रानिएरींना काढले, त्यांनी नऊच महिन्यांपूर्वी त्या क्लबला इतिहासातले पहिले अव्वल लीगचे विजेतेपद मिळवून दिले होते.

प्रश्न असा विचारायला हवा की प्रशिक्षक बदलला नसता, तर काय झाले असते? हा प्रश्न बास टेर वील या डच अर्थतज्ज्ञाने नेमका विचारला. नेदरलँड्सच्या अव्वल लीगमधल्या १९८६ ते २००४ या काळातल्या निकालांचा त्याने अभ्यास केला आणि दोन प्रकारचे संघ समोरासमोर ठेवले: ज्यांची कामगिरी घसरली आणि ज्यांनी प्रशिक्षक काढला ते, आणि ज्यांची कामगिरी तशीच घसरली पण ज्यांनी प्रशिक्षक ठेवला ते. दोन्ही प्रकारचे संघ पुढे सारखेच सावरले. म्हणजे प्रशिक्षक काढल्यानंतर जी सुधारणा दिसते, ती न काढताही झालीच असती. कारण समजायला अवघड नाही. प्रशिक्षकाला नेहमी सर्वांत वाईट क्षणी काढले जाते, जेव्हा दोन मुख्य खेळाडू जखमी असतात, ओळीने बलाढ्य प्रतिस्पर्धी आलेले असतात आणि चेंडू गोलखांबाला लागून बाहेर जात असतो. हे सगळे एकाच वेळी फार काळ टिकत नाही. नवतपाच्या शेवटच्या दिवशी कूलरची खस बदलावी, आठवड्याभराने पहिला पाऊस पडावा आणि गारवा खस बदलल्यामुळे आला असे समजावे, तशातला हा प्रकार आहे. आपल्या नागपूरकरांना हे कुणी वेगळे समजावून सांगायला नको.

‘प्रत्येक मोठ्या क्लबने हे सिद्ध केले आहे’ असेही संदेशात म्हटले आहे. मँचेस्टर युनायटेड हा मोठा क्लब आहे ना? ॲलेक्स फर्ग्युसन तिथे प्रशिक्षक म्हणून नोव्हेंबर १९८६ मध्ये आले आणि पहिला चषक मिळाला तो मे १९९० मध्ये, एफए कप या इंग्लंडमधल्या बाद पद्धतीच्या स्पर्धेच्या रूपाने. पहिली लीग मिळायला १९९३ उजाडले. त्यानंतर २०१३ पर्यंत त्यांनी एकूण १३ लीग विजेतेपदे मिळवली. ते निवृत्त झाल्यावर मॉयेस, व्हॅन खाल, मोरिन्यो, सोलशार, टेन हाग असे एकामागून एक प्रशिक्षक आले आणि गेले. व्हॅन खाल यांना तर एफए कप जिंकून दोन दिवस होत नाहीत तोच घरी पाठवले. २०१३ च्या त्या विजेतेपदानंतर २०२५ पर्यंत युनायटेडने एकदाही लीग जिंकलेली नाही.

परदेशातली उदाहरणे नको असतील, तर आपल्या राष्ट्रीय संघाकडे पाहावे. जून २०२४ मध्ये इगोर स्टिमाच यांना काढले, त्यांच्यानंतर मानोलो मार्केझ आले आणि वर्षभरात गेले, ऑगस्ट २०२५ मध्ये खालिद जमील आले. सव्वा वर्षात तिसरा प्रशिक्षक, आणि ऑक्टोबरमध्ये घरच्या मैदानावर, गोव्यात, सिंगापूरकडून हरून आपण २०२७ च्या आशियाई चषकाच्या पात्रता फेरीतून बाहेर पडलो. याच काळात देशाच्या मुख्य लीगचे भवितव्य कराराच्या वादात अडकले होते आणि जुलै २०२५ मध्ये पुढचा मोसमच स्थगित झाला होता. लीग कधी सुरू होणार हे तेव्हा खेळाडूंना ठाऊक नव्हते, आणि आपण मात्र मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा बदलून निकालाची वाट पाहत होतो, याचा मला मनापासून संताप येतो.

आता आपल्या मुलांकडे येतो, कारण हा संदेश मोठ्या क्लबांविषयी असला तरी त्याचा वार आपल्या अंगणात होणार आहे. मी भाच्याचे तीनही सामने पाहिले आहेत: ०-४, १-३ आणि ०-२. गेल्या वर्षी हाच संघ बरेच सामने जिंकला होता, कारण त्यांच्याकडे वयाच्या मानाने चांगला उंच असलेला एक मुलगा होता; गोलरक्षकाने चेंडू लांब मारायचा आणि त्या मुलाने धावत जाऊन गोल करायचा, एवढाच त्यांचा खेळ होता. तो मुलगा या वर्षी वयोगटातून बाहेर पडला. नव्या सरांनी गोलरक्षकाला चेंडू लांब मारायला मनाई केली आहे आणि जवळच्या बचावपटूकडे पास देऊन खेळ उभा करायला ते शिकवत आहेत. मुरमाच्या मैदानावर, जिथे चेंडू खड्यावर आपटून कुठेही उडतो, तिथे हे शिकताना चुका होणार. पहिल्या सामन्यातले दोन गोल अशाच चुकांमुळे झाले, हे मी स्वतः पाहिले.

पण मी आणखीही एक गोष्ट पाहिली. सरांकडे एक दोनशेपानी वही असते आणि सलग किती पास झाले याच्या खुणा ते त्या वहीत करतात. पहिल्या सामन्यात मुलांना सलग तीनपेक्षा जास्त पास एकदाही जमले नव्हते. तिसऱ्या सामन्यात सात पासची साखळी तीनदा झाली. माझा भाचा पूर्वी चेंडू पायात आल्यानंतर डोके वर करायचा आणि तोपर्यंत समोरचा मुलगा अंगावर आलेला असायचा. आता चेंडू येण्याआधी तो दोन्ही खांद्यांवरून मागे नजर टाकतो. घरी जेवायला बसल्यावरही त्याची ही सवय सुटत नाही, असे ताई सांगत होती. तीन पराभवांच्या काळात या मुलाला जे मिळाले, ते गेल्या वर्षीच्या सगळ्या विजयांनी दिले नव्हते. याच शहरात विजय बारसे यांनी २००१ पासून झोपडपट्टीतल्या मुलांना फुटबॉलच्या आधाराने उभे केले. मुलांच्या प्रशिक्षकाचे मोल फक्त गुणतक्त्यावरून ठरवायचे नसते, हे निदान नागपुरात तरी पुन्हा सांगावे लागू नये.

बाकीच्या मुद्द्यांवर फार वेळ घालवण्याची गरज नाही. न खेळलेला माणूस शिकवू शकत नाही, असे म्हणणाऱ्याने अरिगो साकी यांचे नाव ऐकलेले दिसत नाही. बूट विकण्याच्या धंद्यातून प्रशिक्षणाकडे वळलेल्या आणि व्यावसायिक पातळीवर कधीही न खेळलेल्या या माणसाच्या मिलान संघाने १९८९ आणि १९९० अशी सलग दोन वर्षे युरोपचा सर्वोच्च चषक जिंकला. जॉकी होण्यासाठी आधी घोडा असावे लागत नाही, असे त्यांनी टीकाकारांना सुनावले होते. पैशाच्या मुद्द्यात मात्र अर्धे सत्य आहे आणि ते मला मान्य करावे लागते. दीर्घ काळाचा हिशेब मांडला, तर खेळाडूंच्या पगारावर जास्त खर्च करणारे क्लबच सहसा वर असतात. पण त्यावरून प्रशिक्षक बदलल्याने संघ जिंकेल हे सिद्ध होत नाही, उलट पहिल्याच ‘सत्या’चा आधार त्यामुळे सुटतो. पैसाच सगळे ठरवत असेल, तर सरांना काढून काय साधणार?

१९५० ची गोष्ट इतकी वर्षे फिरते आहे की ती आता खरीच मानली जाते. संघ अनवाणी खेळत असे हे खरे, १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये आपले बहुतेक खेळाडू बुटांशिवायच खेळले. पण विश्वचषकाला न जाण्याचे ते कारण नव्हते. भारतीय फुटबॉल महासंघाने तेव्हा सरावाला वेळ नसल्याचे आणि संघनिवडीतल्या मतभेदांचे कारण दिले होते, आणि त्या काळी आपल्याकडे ऑलिम्पिकपुढे विश्वचषकाला किंमतही नव्हती. त्या काळातले भारतीय संघाचे खेळाडू शैलेन मन्ना यांनीही पुढे बुटांची कथा खोटी ठरवली. व्यवस्थापनाची चूक होती, एवढे मी मान्य करतो. पण त्यातून ‘आशा नको’ हा निष्कर्ष काढणाऱ्याने पुढची बारा वर्षे गाळली आहेत.

त्या बारा वर्षांत सय्यद अब्दुल रहीम होते. हैदराबादचा हा शिक्षक १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये भारताचा प्रशिक्षक होता आणि तिथे आपण युगोस्लाव्हियाकडून १-१० असे हरलो. फिरत्या संदेशाच्या नियमाने त्यांना पुन्हा संघाजवळ फिरकू द्यायला नको होते. प्रत्यक्षात १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकला संघ त्यांच्याच हाती होता आणि तो चौथा आला. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत पहिल्याच सामन्यात आपण दक्षिण कोरियाकडून ०-२ असे हरलो. पुढे बचावपटू जर्नैल सिंग यांच्या डोक्याला इजा होऊन टाके पडले, तेव्हा रहीम यांनी त्यांना घरी न बसवता आघाडीला खेळवले. उपांत्य सामन्यात जर्नैल यांनी गोल केला, अंतिम सामन्यातही केला, आणि ज्या कोरियाने पहिल्या दिवशी हरवले होते, त्याच कोरियाला २-१ असे हरवून भारताने सुवर्णपदक जिंकले. रहीम तेव्हा कर्करोगाने आजारी होते. पुढच्या वर्षी जूनमध्ये ते गेले.

उरला आशावादी चाहता. मी आर्सेनल या इंग्लिश क्लबचा चाहता आहे. २८ ऑगस्ट २०२१ च्या संध्याकाळी घरी बसून मी संघाला मँचेस्टर सिटीकडून ०-५ हरताना पाहिले. तीन सामने, तीन पराभव, नऊ गोल खाल्लेले, एकही केलेला नाही आणि गुणतक्त्यात शेवटचे स्थान. प्रशिक्षक मिकेल आर्तेटा यांना काढा, असे तेव्हा सगळेच म्हणत होते. माझी आशा मात्र साका आणि ओडेगार्ड यांच्यासारख्या तरुणांवर टिकून होती, कारण त्यांचा खेळ महिन्यागणिक सुधारताना दिसत होता. क्लबने आर्तेटांना ठेवले. त्या मोसमात संघ पाचवा आला आणि २०२३, २०२४, २०२५ अशी सलग तीन वर्षे दुसरा. विजेतेपद त्यात नव्हते, याचे दुःख मलाही आहे, आणि व्यवस्थापनाला मी कठोर प्रश्नही विचारतो: आघाडीचा खेळाडू वेळेवर का घेतला नाही, मोठी दुखापत होईपर्यंत त्याच अकरा जणांना का खेळवले? सुधारणेची आशा आहे म्हणूनच हे प्रश्न मनात येतात. ज्याने आशा सोडली, तो दूरचित्रवाणी बंद करून झोपतो. त्याच्यापासून कोणत्या व्यवस्थापनाला धाक वाटणार?

भाऊजींना मी कळवले आहे की शुक्रवारी सकाळी सहाला सरावाच्या वेळी मैदानावर या, मीही येतो. सरांची वही मागून पाहा आणि मग रविवारी काय ते ठरवा. बैठकीत सरांना प्रश्न जरूर विचारावेत: दिवाळीपर्यंत मुलांना काय यायला हवे, गोलरक्षकाची भीती कशी घालवणार, राखीव मुलांना किती वेळ खेळवणार. मी पालक नसल्यामुळे मला त्या बैठकीत बसता येणार नाही. म्हणून हे सगळे लिहून त्यांच्याकडे दिले आहे, आणि तो संदेश तिथे वाचला जाणार असेल, तर त्याच्यापाठोपाठ हेही वाचावे, अशी त्यांना विनंती केली आहे.